मूळपुरुषाची परवानगी

आमच्या नकाशांच्या ऑफिसात त्यांना सगळे मूळपुरुष म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर 'काका'. लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणाऱ्या कॉम्प्युटरात सगळ्यात वरचा जो धनी असतो त्याला रूट म्हणतात, म्हणजे मूळ. तो वाटेल ते करू शकतो, बाकीच्यांनी त्याला विचारून करायचं. आमच्याकडे हा मान एकट्या काकांचा होता. कुणा वात्रट ड्राफ्ट्समनने त्यावरून हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. त्या नावाला एक काटाही होता. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. काटा टोचतो हे माहीत असूनच लोक ते नाव घ्यायचे.

मी तिथे लागले तेव्हा माझी खुर्ची काकांच्या शेजारी होती. खाली छापखाना, वर आम्ही. छापखान्याची यंत्रं सुरू झाली की आमच्या टेबलांवरच्या पट्ट्या थरथरायच्या. काका मुळात शाईने नकाशे काढणारे. पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा इतरांनी नाकं मुरडली, काकांनी मात्र जाडजूड पुस्तकं आणून, चुकत-माकत सगळं शिकून घेतलं. साहेबांनी लिनक्स घेतलं कारण ते फुकट होतं. ते चालवायला माणूस लागतो हे त्यांना नंतर कळलं, आणि तो माणूस आयता हाताशी होता.

मी येण्याच्या कितीतरी आधी तिथे एकच मोठं यंत्र होतं. बाकीच्यांच्या टेबलांवर नुसते पडदे आणि कीबोर्ड, काम सगळं त्या एका यंत्रात चालायचं. एका दुपारी एका ड्राफ्ट्समनचं काम संपलं. त्याने आपला पडदा बंद करतोय अशा समजुतीने 'बंद करा'वर टिचकी मारली, आणि त्या मोठ्या यंत्राने हुकूम पाळला. सगळे पडदे एकदम काळे झाले. पुराच्या पाण्याच्या रेषा काढायचं काम चाललं होतं, सकाळपासूनचं सगळं गेलं. साहेबांनी त्या ड्राफ्ट्समनला नाही, काकांना झापलं, सगळ्यांदेखत. "तुम्ही असताना कुणीही उठून बंद करतो म्हणजे काय?"

काकांनी त्याच दिवशी बंदोबस्त केला. तेव्हापासून कुणीही 'बंद करा' म्हटलं की यंत्र पासवर्ड मागायचं, आणि पासवर्ड फक्त काकांना ठाऊक. तेव्हा ते बरोबरच होतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

चुकलं ते पुढे. काही वर्षांनी प्रत्येकाला स्वतःचा कॉम्प्युटर मिळाला. आता एकाने आपला बंद केला तर दुसऱ्याचं काही बिघडणार नव्हतं. पण बंदोबस्त तसाच राहिला. त्यात एकदा एका टेबलाखालची वायर जळून धूर झाला, तेव्हा साहेबांनी फर्मान काढलं की ऑफिसला कुलूप लागताना एकही यंत्र चालू राहता कामा नये. बटण दाबून धरलं तर यंत्र बंद व्हायचं, पण तसं करून एकाचा अख्खा नकाशा नासला होता, त्यामुळे तिकडे कुणी हात नेत नव्हतं. राहिले काका. संध्याकाळी लोक डबे-पिशव्या उचलून निघून जायचे, आणि काका एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात, वाकून पासवर्ड टाकत, एकेक यंत्र बंद करत फिरायचे. एखादा उशिरापर्यंत बसला की काकाही बसायचे. त्याचं आटोपेपर्यंत पट्ट्या पुसायचे, पेन्सिलींना टोकं काढायचे.

पहिल्याच महिन्यात मी त्यांना म्हटलं, "काका, हे एका नियमाने होईल. समोर बसलेल्या माणसाला त्याचं यंत्र बंद करू द्यायचं. त्याच यंत्रावर दुसरं कुणी बाहेरून, म्हणजे आपल्या टेबलावरून, काम करत असेल तरच पासवर्ड मागायचा."

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही. माहीत आहे म्हणून सांगितलं."

मला वाटलं, नव्या मुलीने शिकवलेलं त्यांना आवडलं नसेल. म्हणून पुन्हा एकदा, जरा बेताने विषय काढला. तेव्हा ते हातातलं काम थांबवून म्हणाले, "तू नवीन आहेस. इथे माणसाला किंमत नसते, अडलेल्या कामाला असते. माझ्यावाचून काहीतरी अडतं म्हणून मला विचारतात. ज्या दिवशी अडायचं थांबेल, त्या दिवशी मला खाली छापखान्यातसुद्धा कुणी उभं करणार नाही."

मी हसले. मला ते म्हाताऱ्या माणसाचं खूळ वाटलं.

काकूंची नि माझी ओळख ऑफिसच्या वार्षिक जेवणात झाली. ठेंगणी, गोरटेली, बोलण्यात चटपटीत बाई. त्या घरी मुलांना गणित शिकवायच्या. त्या जेवणात ताटावर बसल्या तेव्हा पाण्याचा पेला अगदी हाताजवळ होता, तरी तो त्यांच्या हाताला लागून कलंडला. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, लक्ष कुठाय?" त्या म्हणाल्या, "लक्ष इथेच आहे, पेला दिसला नाही." सगळे हसले. मग तो नाव पाडणारा ड्राफ्ट्समन म्हणाला, "मूळपुरुष आमचे भक्कम आहेत हो वहिनी, फक्त फांद्या फुटायच्या राहिल्या." काकूही हसल्या. काका ताटातलं चिवडत राहिले.

घरं एकाच वाटेवर असल्यामुळे मी पुढे त्यांच्याकडे जाऊ लागले. तिथे मला पेल्याचं कारण कळलं. काकूंच्या डोळ्यांचा पडदा कडेकडेने मरत चालला होता. औषध नव्हतं. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग कडेचं जातं, मग नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं उरतं आणि शेवटी तेही जातं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. किती वर्षं लागतील ते मात्र सांगितलं नव्हतं.

"मी काही रडत बसलेली नाही," काकू म्हणाल्या. "गणितं मला तोंडी येतात, पोरं फळ्यावर लिहितील. पण मला यांच्याबरोबर बाहेर जायचंय गं. उजेड आहे तोवर. हे येतात तोवर अंधार पडलेला असतो, आणि अंधारात मी आंधळी. सकाळी हे झोपेतून उठतात ते पळतच. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही दोघांनी मावळता सूर्य एकत्र पाहिलेला नाही. हसतेस काय? खरंच नाही."

"तुम्ही त्यांना सांगा ना, काकू."

"सांगून झालं, रुसून झालं, अबोला धरून झाला. तुमच्या ऑफिसात त्यांना मूळपुरुष म्हणतात ना? घरात ते पाहुणे आहेत. येतात, जेवतात, झोपतात. पाहुण्याला किती बोलायचं?"

दुसऱ्या दिवशी मी काकांना म्हटलं, "काका, काकूंसाठी तरी लवकर निघत जा. यंत्रं आम्ही बंद करू."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. मला वाटलं आता हो म्हणतील. ते म्हणाले, "तिने तुला सांगितलं?" आणि पुढचे काही दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

पण बोलणं लागलं असावं. कारण मग एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी काकूंना तलावावर न्यायचं कबूल केलं. गावाबाहेर टेकडीच्या पोटाशी एक तलाव होता, तिथवर बस जायची. बस जिथे थांबायची तिथून दगडी पायऱ्या चढल्या की पाण्याचा काठ. लोक तिथे संध्याकाळी बसायला जात. काकूंनी आदल्या दिवशी मला बोलावून कपाटातले दोन शर्ट दाखवले आणि विचारलं, "यातला कुठला शोभेल गं यांना? मला रंगांचा आता भरवसा नाही." मी निळा सांगितला.

नेमकी तलावावर जायच्याच दिवशी मोजणीची तुकडी रानातून परतली. धरणाच्या जागेचे आकडे घेऊन आलेली, साहेबांना ते ताबडतोब नकाशावर हवे होते. आम्हा तिघा-चौघांना सुट्टीवरून बोलावलं. दुपार कलली तेव्हा काम हातावेगळं झालं. साहेबांना घरी जायची घाई होती, आणि यंत्रं चालू.

"मूळपुरुषाला लावा फोन," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, ते बाहेर गेलेत. आज एक दिवस राहू द्या यंत्रं चालू."

"आणि आग लागली म्हणजे? तुम्ही विझवाल?"

"मग फोनवर पासवर्ड विचारून घ्या. उद्या ते बदलतील."

साहेबांनी तसं विचारलंही. फोन मोठ्या आवाजात होता, मागे बसची घरघर ऐकू येत होती. काका म्हणाले, "नको साहेब, तसा फोनवर देणं बरं नाही. मी येतो."

ते आले. निळा शर्ट, केस नीट विंचरलेले. साहेब जिन्यात उभेच होते, म्हणाले, "तुमच्यावाचून पान हलत नाही बुवा," आणि निघून गेले. काका तेवढ्यावर खूश झाले. मला ते दिसलं. चेहऱ्यावर जी टवटवी आली ती सुट्टीची नव्हती. एकेक यंत्र बंद करत ते मला म्हणाले, "तिला म्हटलं, तू हो पुढे, मी मागच्या बसने येतोच. बसेल पाण्याकडे बघत. तिला एकटीला बसायला आवडतं."

"काका, अंधार पडेल."

"पडत नाही इतक्यात."

मोजणीवाल्याने तेवढ्यात चहा मागवला होता. काका नको म्हणत म्हणत टेकले, आणि धरणाची जागा कशी आहे ते विचारत बसले. मी दोनदा म्हटलं, "निघा आता." दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ते उठले. मग बस लवकर मिळाली नाही.

तलावावर काय झालं ते काकूंनी मला पुढे दवाखान्यात सांगितलं, छताकडे बघत, एखादं उदाहरण सोडवून दाखवावं तसं. त्या पायऱ्या चढून एकट्या काठावर जाऊन बसल्या. सूर्य पाण्यात उतरताना त्यांनी पाहिला. "चांगला दिसला," त्या म्हणाल्या. "समोरच होता ना. समोरचं मला दिसतं." उजेड कमी व्हायला लागला तशी माणसं उठून चालली. यांची वाट बघू की उतरू, या विचारात काकू बसून राहिल्या. दोघांत फोन एकच, तो काकांच्या खिशात. शेवटी त्या उठल्या तेव्हा त्यांच्यापुरती रात्र झाली होती. दुसऱ्या कुणाला तो नुसता तिन्हीसांजेचा उजेड वाटला असेल. पायाने चाचपत त्या पायऱ्या उतरायला लागल्या, आणि एक पायरी तुटलेली होती.

मांडीचं हाड मोडलं. काठावरच्या अनोळखी लोकांनी त्यांना उचलून गाडीत घातलं. काका बसमधून उतरले तेव्हा गाडी निघून गेली होती. ते वर काठापर्यंत जाऊन हाका मारून आले, मग चणे विकणाऱ्याने त्यांना सांगितलं की एका बाईला दवाखान्यात नेलंय.

ते ऑफिसात आले ते थेट रजा मागायला. दाढी वाढलेली, अंगात तोच शर्ट. साहेबांनी वहिनी कशा आहेत हे विचारलं, वाईट झालं म्हणाले आणि लगेच, "पण मग यंत्रांचं काय करायचं?"

"ते मी बघतो," काका म्हणाले.

ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी नियम लिहायला घेतला. जेमतेम हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्या ओळी. यंत्रासमोर बसलेल्याला बंद करायची परवानगी, बाहेरून आलेल्याला नाही, आणि कुणी दुसरा आत असेल तर पासवर्ड. मी सांगितलं होतं त्याहून नेटका लिहिला. फार दिवसांपासून डोक्यात तयार असावा. सगळ्या यंत्रांवर तो चढवला आणि मला म्हणाले, "तुझं बंद करून बघ."

मी 'बंद करा'वर टिचकी मारली. यंत्राने काही विचारलं नाही. पडदा काळा झाला, आतला पंखा थांबला.

काका त्या काळ्या पडद्याकडे पाहत होते. "सुरू कर पुन्हा," म्हणाले, आणि उठून गेले. मी मागोमाग गेले, तेव्हा जिन्यात थांबून त्यांनी मला रूटचा पासवर्ड कागदावर लिहून दिला. मी तो दुसऱ्या दिवशी बदलला. पासवर्ड हातोहात गेला की बदलायचा, असा त्यांचाच नियम होता.

मला वाटलं होतं, लोक निदान काही बोलतील. कुणी चकार शब्द काढला नाही. त्या संध्याकाळी प्रत्येकजण आपापलं यंत्र बंद करून घरी गेला, जसं काही वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. फक्त त्या नाव पाडणाऱ्या ड्राफ्ट्समनने जाताना म्हटलं, "हे एवढंच होतं? मग म्हातारा इतकी वर्षं काय करत होता?"

काका रजेवरून परतले तेव्हा साहेबांनी त्यांना आत बोलावलं. दार उघडंच होतं. साहेब सज्जनपणे बोलत होते, तेच जास्त वाईट होतं.

"काका, सगळं सुरळीत चाललंय. तुम्ही नव्हता तरी काही अडलं नाही. ही मुलगी सांभाळते छान. तुम्हाला आता घरचंही बघायचं असतं. खाली कागदी नकाशांची खोली आहे ना, तिथे बसा. दगदग नाही, वेळेचं बंधन नाही."

"बरं," काका म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी टेबलावरचं आपलं सामान पिशवीत भरलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "काका, साहेबांच्या लक्षात येईल. तुम्हाला परत वर बोलावतील."

"नाही बोलावणार. मी तुला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. बरोबर ठरल्याचं समाधानही नव्हतं. "तेवढं एक तरी मला बरोबर कळलं होतं बघ."

कागदी नकाशांची खोली म्हणजे छापखान्याच्या मागची ओल धरलेली जागा. कुणाला जुना नकाशा लागत नव्हता, त्यामुळे तिथे कुणी जात नव्हतं. काका सकाळी येऊन तिथे बसायचे आणि उजेड असतानाच घरी जायचे. अडवणारं कुणी नव्हतंच. काही महिने तसं काढून त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. निरोपसमारंभ झाला नाही. साहेब तेव्हा बाहेरगावी होते आणि त्यांच्यावाचून हार आणायचं कुणाला सुचलं नाही. त्यात मीही आले.

काकूंचं हाड जुळलं, पण अंथरुणात गेलेल्या त्या दिवसांत डोळ्यांनी घाई केली. काठी घेऊन चालायला लागल्या तेव्हा समोरचं एवढंसं वर्तुळ उरलं होतं, आणि पुढच्या वर्षी तेही धुरकट झालं. मुलांची शिकवणी मात्र त्यांनी सोडली नाही. मी गेले की आवाजावरून ओळखतात, चेष्टा करतात, ऑफिसातल्या बातम्या विचारतात. काकांविषयी माझ्याशी एकदाही तक्रार केली नाही. पूर्वी करायच्या.

मध्ये एकदा सकाळी मी गेले तर काकू चपला घालून दारात उभ्या होत्या. शेजारची एक बाई त्यांना रोज फिरवून आणते, तिची वाट बघत होत्या. काका आतून आले. इस्त्रीचे कपडे, पायात बूट, दाढी केलेली. मला बघून जरा ओशाळले. मग काकूंजवळ जाऊन म्हणाले, "आज मी येतो. धर माझा हात."

काकूंनी हात धरला नाही. झिडकारलाही नाही. अगदी साधेपणाने म्हणाल्या, "नको हो, तिच्या चालीची सवय झालीय मला. तुमची चाल मला ठाऊक नाही, पडेन मी."

तेवढ्यात शेजारीण आली. काकूंनी तिच्या दंडाला धरलं आणि दोघी पावलाला पाऊल मिळवून बोलत बोलत जिना उतरून गेल्या. काका कठड्याशी उभे राहून त्या वळेपर्यंत बघत होते. मग मला म्हणाले, "बस ना, चहा टाकतो. मला येतो आता."

मी बसले. त्यांनी ऑफिसचं काही विचारलं नाही. चहा कडक झाला होता, आणि साखर घालायला ते विसरले होते. मी तो तसाच प्यायले.